पट्टीची गोड बातमी

शनिवारी सकाळी कांचन नारखेडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत प्रफुल्लच्या फोनवर सनई वाजली. त्यांच्या घरात ती सनई आजवर कधी वाजली नव्हती, त्यामुळे आधी तिला वाटलं शेजारच्या घरी काही कार्यक्रम असेल.

"कांचन! अगं इकडे ये! नाही, थांब, तू नको येऊस. मीच येतो."

प्रफुल्ल दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याने फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर नारिंगी वर्तुळ होतं आणि त्याखाली अक्षरं होती : 'गर्भधारणेची शक्यता ७१ टक्के. कुटुंबाचे अभिनंदन.'

"काय झालं रे बाप्पा?" देवघरातून मंदाकिनीबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

"आई, जुईला भाऊ येतोय. नाहीतर बहीण!"

सासूबाईंनी डब्यातला गुळाचा खडा काढून सुनेच्या तोंडात घातला. चार वर्षांची जुई काहीच न कळता टाळ्या वाजवू लागली. कांचनचे दोन्ही हात पिठात होते. तोंडात गूळ विरघळत होता आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं : पण मी तर गोळी घेतली होती.

ती गोष्ट वीस दिवसांपूर्वीची. त्या रविवारी सासूबाई जुईला घेऊन फैजपूरला नातेवाइकांकडे गेल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी घरात दोघंच होती. दुपारी जे झालं ते काही ठरवून झालं नव्हतं. काळजी घ्यायची वेळ आली तेव्हा प्रफुल्ल म्हणाला, "राहू दे ना. होऊ दे झालं तर." कांचन काही बोलली नाही. दुसऱ्या मुलाचा विषय घरात दिवाळीपासून निघत होता आणि दर वेळी ती "बघू" म्हणत होती. त्या दुपारी तर ती "बघू"ही म्हणाली नाही. सोमवारी कामावरून सुटल्यावर ती पिंप्राळ्यातल्या, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा मेडिकलमध्ये गेली, गोळी घेतली, बाटलीतल्या पाण्याबरोबर तिथेच गिळली आणि रिकामं पाकीट आतल्या चिठ्ठीसकट कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून घरी आली. झालं, संपलं, असं तिला वाटलं होतं.

आता तिच्या दंडावरची पट्टी वेगळंच म्हणत होती. आणि पट्टी चुकत नाही, हे जळगावातल्या शाळकरी पोरींनाही ठाऊक होतं.

पट्टी येऊन तीन-चार वर्षं झाली होती. टपाल तिकिटाएवढी, कातडीच्या रंगाची. खालच्या बाजूला केसाहून बारीक अशा शेकडो सुया. त्या टोचत नाहीत, कातडीखालच्या पाण्यापर्यंत पोचतात फक्त. बाईच्या अंगात दर महिन्याला एक ठरलेली चाल असते. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, दोन आठवडे वर राहतं आणि गर्भ राहिला नाही तर खाली येतं. ते खाली आलं की पाळी येते. पट्टी त्या हार्मोनवर आणि अंगाच्या तापमानावर पाळत ठेवायची. बीज सुटल्यावर अठरा दिवस होऊन गेले आणि हार्मोन वरच राहिलं, तर पट्टी नारिंगी व्हायची. लाखो बायकांच्या नोंदींवरून हे गणित बसवलेलं होतं. पाळी चुकल्यावर वाट बघत बसायचे, बोटांवर दिवस मोजायचे, मनातल्या मनात नवस बोलायचे दिवस गेले, असं जाहिरातीतली बाई हसून सांगायची.

कांचनने ती हौसेने लावलेली नव्हती. ती केळीची रोपं तयार करणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बागेतून आलेले मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं, सोलायचे, आतला कोंब पाऱ्याच्या औषधात बुडवून जंतुविरहित करायचा, मग बाटलीत लावायचा. एका कोंबापासून हजारो रोपं व्हायची. हे जंतुविरहित करण्याचं काम 'आतल्या खोलीत' चालायचं आणि त्यातलं पाऱ्याचं औषध पोटातल्या गर्भाला घातक. म्हणून आतल्या खोलीतल्या प्रत्येक बाईला पट्टी सक्तीची होती. तिची नोंद प्रयोगशाळेत पोचायची आणि कुटुंब-खात्यातून नवऱ्याच्या फोनवरही. पट्टी नारिंगी झाली की बाईचं काम बदलायचं. कुणी वाईट हेतूने केलेला नियम नव्हता तो. सहा वर्षांत कांचनचा हात त्या खोलीत इतका बसला होता की, महिनाअखेर तिथल्या प्रमुखपदी तिचंच नाव लागणार अशी कुजबुज होती.

रविवारी तिने लांबच्या दुकानातून गर्भचाचणीचं किट आणलं. दुकानदाराला ते मागच्या कपाटातून शोधून, धूळ झटकून द्यावं लागलं. "हल्ली कोणी नेत नाही, ताई," तो म्हणाला. "पट्टी असते ना सगळ्यांकडे."

न्हाणीघराचं दार लावून ती पाच मिनिटं उभी राहिली. एकच रेघ आली. तिने किट उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, डोळे बारीक केले. दुसरी रेघ काही दिसेना. बाहेरून प्रफुल्ल विचारत होता, "बरं वाटतंय ना? उलटी होतेय का?"

खरी गंमत अशी की उलटीसारखं होत होतं. छाती दुखत होती. कढीची फोडणी नकोशी वाटत होती. जुईच्या वेळीही असंच झालं होतं. की पाळी जवळ आली की दर महिन्यालाच असं होतं आणि आपण लक्ष देत नाही? तिला आठवेना. सोमवारी सकाळी पट्टीने आकडा वाढवून ७८ केला. किट म्हणत होतं नाही, पट्टी म्हणत होती हो, आणि ज्या अंगाबद्दल हे सगळं चाललं होतं ते दोघांच्याही बाजूने साक्ष देत होतं.

प्रयोगशाळेत तिने नेहमीसारखं ओळखपत्र आतल्या खोलीच्या दाराला लावलं. दार उघडलं नाही. तिने पुन्हा लावलं. मागे रांगेत सहा-सातजणी उभ्या होत्या. दारावरचा छोटा दिवा नारिंगी झाला. मग एकदम सगळ्या बोलू लागल्या.

"अगंबाई! कांचन! पेढे कधी?"

सुरक्षा अधिकारी देवरेसाहेब स्वतः तिला पॅकिंगपर्यंत सोडायला आले. "काळजी घ्या, मॅडम. खोलीचं आम्ही बघतो." कोण बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

पॅकिंगला निर्मला सपकाळे होती. पन्नास-पन्नास रोपांचे गठ्ठे बांधणारी, चाळिशीला आलेली बाई. पूर्वी तीही आतल्या खोलीत होती. तिने कांचनला शेजारी जागा करून दिली, तोंडाकडे निरखून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुले आनंद झाला का?"

"कळत नाही," कांचन म्हणाली.

निर्मलाने मान हलवली आणि पुढचा गठ्ठा ओढला.

मंगळवारी दुपारी अर्धी रजा टाकून कांचन डॉक्टर तडवींकडे गेली. जुईचा जन्म त्यांच्याच हातचा. साठीच्या, जाड चष्म्याच्या डॉक्टर फिरदौस तडवींच्या दवाखान्यात अजून लाकडी बाकं होती आणि त्या अजून कागदावर लिहायच्या. कांचनने रविवारची दुपार, सोमवारची गोळी, किट आणि पट्टी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं, आतल्या यंत्रात ठेवलं आणि ते होईपर्यंत कोऱ्या कागदावर एक रेघ काढली.

"ही तुझी पाळी सुरू झाली तो दिवस. हा रविवार, अकरावा दिवस. तुझं बीज अजून सुटायचं होतं. तू गोळी घेतलीस. ती गोळी काय करते माहीत आहे?"

"गर्भ पाडते."

"नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. ती बीज सुटणं पुढे ढकलते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. बीज उशिरा सुटलं की पाळीही उशिरा येते. आठवडाभर इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. पाकिटातल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं."

"चिठ्ठी मी फेकून दिली."

"सगळ्या फेकतात." डॉक्टर हसल्या. "आता तुझ्या पट्टीचं काय झालं ते ऐक. तिच्या सुयांवर जे रसायन असतं ते प्रोजेस्टेरॉनला ओळखतं. गोळीतलं औषध हे त्याचं चुलत भावंड. तोंडावळा तोच. सोमवारी तू गोळी घेतलीस, औषध रक्तात आलं आणि पट्टीने चुलत्याच्या पोराला घरचं पोर समजून नोंद केली : बीज सुटलं. तिथून तिने दिवस मोजायला सुरुवात केली. औषध तीन-चार दिवसांत उतरलं असेल, मधे आकडा डळमळला असेल, तो तिने यंत्राची चूक म्हणून सोडून दिला. खरं बीज सुटलं असेल त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. मग खरं हार्मोन वाढलं. पट्टीच्या हिशेबाने अठरा दिवस झाले तरी ते वरच आहे. म्हणून ती नारिंगी. खोटं बोलत नाहीये ती बिचारी. तिने सुरुवातच चुकीच्या दिवसापासून केली."

"मग हे लाखो बायकांचं गणित?"

"त्या लाखांत गोळी घेतलेल्या किती असतील? मी त्यांची माहितीपुस्तिका वाचली आहे. अशा बायकांच्या नोंदी गोंधळ घालतात म्हणून चाचणीच्या वेळीच बाजूला काढल्या, असं बारीक अक्षरांत लिहिलंय."

आत यंत्राने टिंग केलं. डॉक्टर जाऊन कागद घेऊन आल्या.

"गर्भ नाही. संबंध येऊन तीन आठवडे झाले आहेत, किट नाही म्हणालं, रक्तही नाही म्हणतंय. आता शंका नको. पाळी येईल चार-सहा दिवसांत. नाही आली तर ये."

कांचनला हायसं वाटायला हवं होतं. ती लाकडी बाकावर बसून राहिली. शनिवारपासून तिने, कुणालाही न सांगता, मनात महिने मोजले होते. ज्येष्ठात बाळंतपण, म्हणजे ऐन उन्हाळा. जुईची जुनी झबली माळ्यावरच्या ट्रंकेत. हे सगळं तिच्या नकळत कुणी केलं होतं? आणि आता जे नव्हतंच, ते गेल्यासारखं काहीतरी आत रिकामं का वाटत होतं?

"घरी माहीत आहे गोळीचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"हं," डॉक्टर म्हणाल्या आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला.

तो कागद पर्समध्ये घेऊन ती घरी आली तेव्हा प्रफुल्ल माळ्यावरून पाळणा उतरवत होता. ठिबक सिंचनाची डिझाइनं करणारा हा माणूस. त्याला वस्तू उघडायला, पुसायला, पुन्हा जोडायला फार आवडायचं. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्याने पाळण्याचे नटबोल्ट ओळीने मांडले होते. "दोन बदलावे लागतील," तो म्हणाला. खरं सांगणारं वाक्य कांचनच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. गर्भ नाही, एवढं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग पट्टी चुकली कशी? आणि त्याचं उत्तर गोळीशिवाय पुरं होत नव्हतं. बुधवारी तिने ठरवलं गुरुवारी सांगायचं. गुरुवारी प्रफुल्लने नाशिकच्या बहिणीला फोन करून बातमी दिली.

शुक्रवारी सकाळी पाळी आली.

दुपारपर्यंत हार्मोन उतरल्याचं पट्टीच्या लक्षात आलं. या वेळी सनई वाजली नाही. फोनवर राखाडी वर्तुळ आलं आणि अक्षरं आली : 'आम्हाला खेद आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत असे घडू शकते. यात तुमची चूक नाही.' तिच्या आरोग्यपत्रिकेत आपोआप एक ओळ वाढली. गर्भधारणा दोन, जन्म एक, गर्भपात एक.

ती घरी आली तेव्हा प्रफुल्ल आधीच आलेला होता. पाळणा गॅलरीत चादरीखाली झाकलेला होता. त्याने तिचा हात धरला, सोडला आणि जुईला घेऊन बाहेर निघून गेला. सासूबाईंनी तिला पलंगावर बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि अळिवाची खीर आणून दिली.

"खा. कच्चं बाळंतपण बी बाळंतपणच असतं."

"आई, मला खरंच काही झालेलं नाही."

"असंच वाटते. मले बी वाटलं व्हतं." मंदाकिनीबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "प्रफुल्लच्या आधी एक व्हतं. तिसरा महिना चालू व्हता. आम्ही बागेत केळीचे घड वाहत व्हतो. तिथंच गेलं. माझी सासू म्हने, कामाच्या बाईचं व्हतंच असं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत. याच्या बाबाले बी मी धड सांगितलं नाही. कोनी इचारलं नाही, मी बोलले नाही. आज तुले पाहून ते सारं वर आलं."

आणि ही बाई, जिला कांचनने सासऱ्यांच्या तेराव्यालाही ताठ बसलेलं पाहिलं होतं, पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली.

कांचनच्या हातात खिरीची वाटी होती. ज्या दुःखावर तिचा काही हक्क नव्हता त्याचं सांत्वन ती घेत होती, आणि तेही ज्या बाईला ते कधी मिळालं नव्हतं तिच्याकडून. तिने वाटी खाली ठेवली.

"आई, माझं काही गेलं नाही. काही नव्हतंच. मी गोळी घेतली होती."

मग तिने सगळं सांगितलं. मधे थांबली नाही, नाहीतर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मंदाकिनीबाई ऐकत राहिल्या. पट्टीचं आणि चुलत भावंडाचं त्यांना कितपत समजलं कोण जाणे. संपल्यावर त्या म्हणाल्या, "मंग मी कोनासाठी रडले?"

कांचनने पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं.

"जाऊ दे," त्यांनी डोळे पुसले. "त्याच्यासाठी कधी रडलेच नव्हते." त्या उठल्या, वाटी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. आवाज आता कोरडा होता. "तू मले फसवलं नाही, असं मी म्हननार नाही. सहा दिवस तू मले देवापुढं हात जोडू दिले. पन प्रफुल्लले मी सांगनार नाही. तुझं तू सांग. लवकर सांग. हे शिळं झालं की सांगता येत नाही."

शनिवारी संध्याकाळी ती दोघं जुईला घेऊन मेहरूण तलावावर गेली. जुई झोक्यावर बसली. कांचनने डॉक्टरांचा कागद प्रफुल्लच्या हातात दिला. त्याने तो वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला.

"हा तर मंगळवारचा आहे."

"हो."

"मंगळवारी मी पाळणा काढत होतो."

"हो."

तिने गोळीचं सांगितलं तेव्हा तो तलावाकडे बघत होता.

"तुला नको होतं तर नाही म्हणायचं होतं, कांचन. त्या दिवशी तू नाही म्हणाली नव्हतीस."

"हो पण म्हणाले नव्हते."

"मला वाटलं…" तो थांबला. "मला वाटलं, तुला चालणार नसेल तर तू तारखा सांभाळल्या असशील. रोज सकाळी फोनवर तुझा दिवस दिसायचा. हिरवा, पिवळा. त्यामुळे वेगळं काही विचारावं असं मनातच आलं नाही."

"दोन वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, कसं वाटतंय म्हणून. फोनमध्ये बघायचास."

"आणि तू? तुला तर तोंड होतं."

झोक्यावरून जुईने हाक मारली, "बाबा, जोरात!" तो उठून झोका द्यायला गेला. पुढचे दोन-तीन आठवडे तो कांचनशी जुईमार्फत बोलला. जुई, आईला म्हणावं डबा तयार आहे का. जुई, आईला म्हणावं मी उशिरा येईन.

सोमवारी प्रयोगशाळेच्या फलकावर सूचना लागली. गेल्या दीड वर्षात आतल्या खोलीतल्या बायकांच्या आरोग्यपत्रिकांत अकरा गर्भपातांची नोंद झाली आहे. सुरक्षा समितीने हे गांभीर्याने घेतलं आहे. पुढच्या महिन्यापासून त्या खोलीत एकही बाई काम करणार नाही. पुरुष कामगारांचं प्रशिक्षण सुरू होत आहे.

कांचनने सूचना दोनदा वाचली. अकरा. त्यात एक तिचा.

पॅकिंगच्या टेबलावर तिने निर्मलाला हळू आवाजात विचारलं, "ताई, तू आतल्या खोलीतून का आलीस इकडे?"

"दोनदा नारिंगी झाली. दोनदा गेलं. त्यांनीच म्हटलं, आता बाहेर बस." निर्मला गठ्ठ्याची दोरी आवळत होती. "गेलं असं लिहिलंय कागदावर."

"आणि खरं?"

निर्मलाचे हात थांबले. "दोन्ही वेळेला गोळी घेतली व्हती. तीन पोरं आहेत मले. नवऱ्याले सांगितलं असतं तर घरात उभं ठेवलं नसतं. मंग पट्टी म्हने दिवस राहिले. मी म्हटलं असतील बाई, गोळी लागू पडली नसंन. मंग पट्टी म्हने गेले. म्हटलं गेले असतील. आजवर मलेच कळलं नाही काय व्हतं आन् काय नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली?"

दुपारच्या सुट्टीत कांचनने एक अर्ज लिहिला. माझ्या नावावरची गर्भपाताची नोंद चुकीची आहे. मी तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली होती. पट्टी तिच्यातलं औषध ओळखू शकत नाही. रक्ततपासणीचा अहवाल जोडला आहे. इतर नोंदीही अशाच चुकीच्या असू शकतात. ज्यांना सांगायचं असेल त्यांना नाव न देता सांगण्याची सोय करावी. खाली तिने पूर्ण नाव लिहून सही केली.

देवरेसाहेबांनी अर्ज वाचून दार लोटून घेतलं. "मॅडम, हे असं कागदावर कशाला? उद्या तुमच्या घरी कुणी…"

"घरी माहीत आहे," कांचन म्हणाली.

साहेब भला माणूस होता. त्याने जेवणाच्या खोलीत एक बंद पेटी ठेवली. पहिले दोन दिवस ती रिकामी होती. तिसऱ्या दिवशी एक चिठ्ठी निघाली, वेड्यावाकड्या अक्षरातली : 'दोन माझे. गोळी.' मग आणखी आल्या. आठवड्याअखेर अकरांपैकी आठ नोंदी हिशेबातून वगळल्या गेल्या. उरलेल्या तिघींनी काही लिहिलं नाही. त्यांचं खरोखरच गेलं होतं, की त्यांना लिहिण्याचंही धाडस झालं नाही, हे आजवर कुणाला ठाऊक नाही. त्या तिघींसाठी म्हणून समितीने आतल्या खोलीतली हवा तपासली, नवा पंखा बसवला आणि पाऱ्याऐवजी दुसरं औषध वापरून बघायचं ठरवलं. बायकांना काढण्याची सूचना फलकावरून उतरली. प्रमुखपद मात्र त्या महिन्यात कुणालाच मिळालं नाही.

पट्टी बनवणाऱ्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. कांचनच्या पाच आठवड्यांच्या नोंदी वापरायला परवानगी हवी होती. "आमच्याकडे अशा नोंदीच नाहीत, ताई," ती संकोचून म्हणाली. "आता आम्ही महिन्यातून एकदा विचारणार आहोत, गोळी घेतली होती का म्हणून."

"ते उत्तर कुणाला दिसेल?"

"विचारून सांगते," मुलगी म्हणाली. चार दिवसांनी तिने पुन्हा फोन केला. "फक्त तुम्हाला." तेव्हा कांचनने परवानगी दिली आणि बसल्या जागीच पट्टीच्या कुटुंब-खात्यातून प्रफुल्लचं नाव काढून टाकलं. संध्याकाळी तिने त्याला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. जुईमार्फत नव्हे, सरळ तिला.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सासूबाई भुसावळला बहिणीकडे गेल्या होत्या. जुई आत झोपली होती. कांचन गॅलरीत वांगी भाजायला शेगडी पेटवत होती. प्रफुल्ल येऊन उंबऱ्यात बसला. पाळणा अजून चादरीखाली तिथेच होता. तो पुन्हा माळ्यावर ठेवायचा विषय दोघांपैकी कुणी काढला नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "फोनवर काही दिसत नाही आता, म्हणून."

"विचार."

"त्या मंगळवारी, डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं तेव्हा, तुला बरं वाटलं का?"

तिने वांगं फिरवलं. साल तडतडली. हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"वाटलं. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम. मला माझंच काही कळलं नाही."

"म्हणजे तुला हवंय की नकोय?"

"कळत नाही रे. खरंच. खोलीचं काम हवंय. जुई मोठी होतेय ते बघायचंय. आणि ते सहा दिवस आठवतात. तुला?"

प्रफुल्लने शेगडीतले कोळसे सारखे केले. "मला वाटायचं मला पक्कं माहीत आहे," तो म्हणाला. "आता नाही सांगता येत."

"मग डॉक्टर तडवींकडे जाऊ या. दोघं. ठरेपर्यंत काय करायचं ते तरी नीट ठरवू."

"आज रविवार."

"उद्या जाऊ."

त्याने सरकून तिच्या शेजारी जागा घेतली आणि चिमट्याने दुसरं वांगं विस्तवावर ठेवलं. ते एका बाजूने कच्चं राहिलं, दुसऱ्या बाजूने जळलं. दोघांनी ते तसंच सोललं.